जुळणारा आकडा आणि मोजलेला आकडा

जळगाव-धुळ्याकडील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक तक्ता आम्हाला वारंवार भेटतो. तक्त्याचे दोन रकाने असतात. डावीकडे लिहिलेले असते, 'ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प : ४३२ कोटी वर्षे.' उजवीकडे, 'आधुनिक विज्ञानानुसार पृथ्वीचे वय : ४५४ कोटी वर्षे.' खाली भास्कराचार्यांचे काल्पनिक चित्र आणि चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा उल्लेख. कधी कधी पृथ्वीऐवजी विश्वाचे वय घेतलेले असते. त्या वेळी ४३२ कोटी फारच तोकडे पडतात, म्हणून ब्रह्मदेवाची रात्रही हिशेबात धरून ८६४ कोटी केले जातात. तरीही १३८० कोटींशी मेळ बसत नाही. मग 'जवळजवळ' हा शब्द कामाला येतो. मुलांनी मेहनत घेतलेली असते, अक्षर वळणदार असते, परीक्षकही समाधानाने मान डोलावतात.

आमचा आक्षेप मुलांवर नाही. आक्षेप आहे तो या तक्त्याच्या दोन्ही रकान्यांवर. डावीकडचा आकडा ज्या कामासाठी निर्माण झाला ते काम न समजता तिथे मांडला जातो, आणि उजवीकडचा आकडा कसा मिळाला हे न सांगता मांडला जातो. पहिल्यात भास्कराचार्यांवर अन्याय होतो आणि दुसऱ्यात विज्ञानावर. शिवाय दुसरी चूक आपण शिक्षक आणि संशोधक मंडळी तक्त्याशिवायही रोज करत असतो. 'विश्वाचे वय ____ अब्ज वर्षे आहे' या रिकाम्या जागेत '१३.८' भरले की एक गुण, असा आपला व्यवहार आहे.

प्रथम डावा रकाना पाहू.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास विद्वानांच्या नजरेस आणला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा, यादवांच्या काळातला हा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ वंशातील स्थानिक राजांनी त्याला दान दिले, असे त्यात नोंदवलेले आहे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरील उत्पन्नातून मठाला काय मिळावे हा व्यवहाराचा मजकूर, म्हणजे ज्यांनी पैसे द्यायचे त्यांना समजेल अशा भाषेत. (भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड ते हेच की दुसरे, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. त्या वादात आपल्याला शिरायचे नाही.) एखाद्या ग्रंथकाराच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाचा दगडात कोरलेला पुरावा आपल्या जिल्ह्यात आहे, ही गोष्ट आकडे न जुळवताही अभिमानाची आहे.

त्या मठात 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ शिकवला जात असणार. भास्कराचार्यांनी तो इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. त्यात कल्प येतो तो ग्रहगणिताची सोय म्हणून. ही सोय शिक्षकांना चटकन उमजेल, कारण ती लसाविची आहे. आगारातून सुटणारी एक बस ४० मिनिटांनी परत येते आणि दुसरी ४५ मिनिटांनी. दोघी एकत्र सुटल्या तर पुन्हा एकत्र येतील ३६० मिनिटांनी. या काळात पहिलीच्या पूर्ण ९ फेऱ्या होतील, दुसरीच्या पूर्ण ८. आता बशींच्या जागी चंद्र, बुध, गुरू, शनी घ्या. प्रत्येकाचा फेरा विचित्र अपूर्णांकाचा आहे. काळ अतिशय मोठा धरला की सर्वांच्या फेऱ्या पूर्णांकात लिहिता येतात आणि त्या पूर्णांकांच्या गुणोत्तरात हवा तेवढा बारकावा साठवता येतो. ४३२ कोटी वर्षे हा काळ परंपरेने आलेला होता. ब्रह्मगुप्ताने आणि त्याच्या मागोमाग भास्कराचार्यांनी तो छेदस्थानी ठेवला.

हे फळ्यावर करून पाहण्याजोगे आहे. सिद्धांतशिरोमणीत एका कल्पात १५,७७,९१,६४,५०,००० दिवस धरले आहेत आणि चंद्राच्या ५७,७५,३३,००,००० प्रदक्षिणा. भागाकार केला की चंद्राची एक प्रदक्षिणा २७.३२१६७ दिवसांची निघते. आजचे मूल्य २७.३२१६६ आहे. कल्पातील दिवसांना ४३२ कोटींनी भागले तर वर्ष येते ३६५.२५८४ दिवसांचे. आजचे नाक्षत्र वर्ष ३६५.२५६४ दिवसांचे, म्हणजे फरक तीन मिनिटांचा. गुरूच्या प्रदक्षिणा ३६,४२,२६,४५५; एका प्रदक्षिणेला ११.८६ वर्षे. पिढ्यान् पिढ्या आकाशाकडे पाहून, ग्रहणांच्या वेळा ताडून मिळवलेले हे ज्ञान आहे. तक्त्यावर लिहायचेच असेल तर हे भागाकार लिहावेत.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मोजलेले जे आहे ते गुणोत्तर आहे. कल्प दुप्पट धरला आणि सर्व प्रदक्षिणा व दिवसही दुप्पट केले तर चंद्राचा महिना तोच राहील, वर्षही तेच राहील. म्हणजे ४३२ कोटी हा आकडा बरोबर की चूक हे ग्रहांच्या कोणत्याही वेधाने ठरवता येणार नाही. आर्यभटाने कल्प एक हजाराऐवजी १००८ महायुगांचा धरला होता. त्यामुळे त्याचा चंद्र काही वेगळ्या वेगाने फिरला नाही! आणि खुद्द भास्कराचार्यांना याची जाणीव होती. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा किती भाग सरला याविषयी कुणी अर्धे आयुष्य म्हणतात, कुणी साडेआठ वर्षे म्हणतात, हे सांगून ते म्हणतात की परंपरा काहीही असो, इथे तिचा उपयोग नाही. ग्रह काढायचे ते चालू दिवसाच्या गेलेल्या भागावरून. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या गणितज्ञाने ज्याला बिनउपयोगाचे म्हणून बाजूला सारले, त्याच जातीच्या आकड्यांसाठी आपण त्याचे चित्र तक्त्यावर लावतो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो लागणार आहे. या गणिताप्रमाणे चालू कल्पाची शककालाच्या आरंभापर्यंत १,९७,२९,४७,१७९ वर्षे सरली होती. म्हणजे सुमारे १९७ कोटी. विश्वाचे 'आजचे वय' शोधायचेच तर तुलना याच्याशी हवी, ४३२ कोटींशी नव्हे. ४३२ कोटी हे कल्पाचे पूर्ण आयुष्य झाले. तक्ता काढणारे हा फरक सोयीने विसरतात.

आता उजवा रकाना. विश्वाचे वय मोजायचे म्हणजे नेमके काय करायचे?

समजा, जळगावहून एकाच वेळी तीन गाड्या धुळ्याच्या रस्त्याने निघाल्या. किती वाजता निघाल्या ते आपल्याला ठाऊक नाही. आत्ता या क्षणी पहिली एरंडोलजवळ, म्हणजे ३० किलोमीटरवर आहे आणि तिचा वेग ताशी २० किलोमीटर आहे. दुसरी पारोळ्याच्या आसपास ५४ किलोमीटरवर, वेग ताशी ३६. तिसरी धुळ्याच्या वेशीवर ९० किलोमीटरवर, वेग ताशी ६०. (अंतरे हिशेबाच्या सोयीने ढोबळ घेतली आहेत.) अंतराला वेगाने भागा. तिन्हींचे उत्तर दीड तास. जी जास्त दूर ती त्याच प्रमाणात जास्त वेगवान असेल, तर सर्व एकदम निघाल्या असे म्हणता येते आणि केव्हा निघाल्या तेही सांगता येते.

जळगाव हे या प्रवासाचे केंद्र आहे असा समज मात्र करून घेऊ नये. पारोळ्याच्या गाडीतून पाहा. एरंडोलची गाडी २४ किलोमीटर मागे आहे आणि ताशी १६ किलोमीटरने आणखी मागे पडते आहे. धुळ्याची ३६ किलोमीटर पुढे आहे आणि ताशी २४ ने पुढे सटकते आहे. पुन्हा दीड तासच. प्रत्येक गाडीतल्या प्रवाशाला आपणच मध्यभागी आहोत आणि बाकीचे आपल्यापासून पळत आहेत असे वाटेल. दीर्घिकांचे असेच आहे. त्या अवकाशातून धावत नाहीत, त्यांच्यामधले अवकाशच ताणले जाते. पण वय काढण्याची युक्ती हीच.

या युक्तीला दोन मोजमापे लागतात. वेग मिळवणे तुलनेने सोपे आहे. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात, तिला ताम्रसृती म्हणतात. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासून अशा नोंदी घेतल्या. खरे दुखणे अंतराचे आहे. लांबवर दिसणारा दिवा मंद आहे की दूर आहे हे रात्रीच्या वेळी सातपुड्यातल्या वाटेवर ओळखता येत नाही, तसेच हे. दिव्याचा अंगचा उजेड माहीत असेल तरच अंतर कळते. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवले की सेफिड जातीचे तारे ठरावीक काळाने उजळतात व मंदावतात, आणि हा काळ जितका मोठा तितका तारा अंगचा तेजस्वी. काळ मोजा, तेज कळेल; तेज कळले की अंतर कळेल. याच ताऱ्यांचा आधार घेऊन एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दूरच्या दीर्घिका जास्त वेगाने दूर जातात हे दाखवले. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी दोन वर्षे आधीच सैद्धांतिक अंगाने हे प्रमाण मांडले होते. हबल यांचे प्रमाण होते दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर. मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षे.

अंतर भागिले वेग करून पाहू. एका मेगापार्सेकचे किलोमीटर केले, ५०० ने भागले, सेकंदांची वर्षे केली. उत्तर येते १९६ कोटी वर्षे.

मघाचा १९७ कोटींचा आकडा आठवा. १९३० साली कुणी हा तक्ता काढला असता तर दोन्ही रकाने एक टक्क्याच्या आत जुळले असते! ४३२ आणि ४५४ यांपेक्षा हा मेळ कितीतरी सरस. आणि तरीही त्याची किंमत शून्य होती, कारण हबल यांचा आकडा सात पटींनी चुकीचा होता. दोन आकडे जुळले म्हणजे दोन्ही बरोबर, असे मानणाऱ्याची कशी फसगत होते याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

चूक उघडकीला आली ती भूशास्त्रामुळे. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकांची वये निघू लागली आणि १९४० च्या दशकात पृथ्वीच्या वयाचा अंदाज ३०० कोटींच्या आसपास गेला. पृथ्वी विश्वापेक्षा म्हातारी ठरली. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. विश्वाला आरंभच नाही असे मानले की वयाची अडचण उरत नाही, हे त्याचे एक मोठे आकर्षण होते. पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी जाहीर केले की सेफिड तारे दोन प्रकारचे आहेत आणि आतापर्यंत एकाचे माप दुसऱ्याला लावले जात होते. एका फटक्यात अंतरे दुप्पट झाली, वयही दुप्पट झाले. अॅलन सँडेज यांनी १९५८ मध्ये आणखी एक चूक दाखवली. हबल ज्यांना दूरच्या दीर्घिकांतील सर्वांत तेजस्वी तारे समजले, त्यांपैकी काही प्रत्यक्षात तप्त वायूचे ढग होते. प्रमाण ७५ च्या आसपास उतरले. दरम्यान क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींतील शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. तो आकडा तेव्हापासून फारसा हललेला नाही.

यानंतरची तीस वर्षे आम्हा संशोधकांना फारशी भूषणावह नाहीत. सँडेज आणि गुस्ताव टामान म्हणत ५०, जेरार द व्होकुलर म्हणत १००, आणि दोन्ही गट आपापली अनिश्चितता दहा टक्क्यांच्या आसपासच असल्याचे सांगत. दोघेही एकाच वेळी खरे असणे शक्य नव्हते. आकड्याबरोबर त्रुटी सांगितली म्हणजे मापन प्रामाणिक झाले असे नाही. त्रुटीचा अंदाजही चुकू शकतो. 'अधिक-उणे' शिकवताना हे मुलांना सांगावे.

नव्वदच्या दशकात प्रकरण पुन्हा चिघळले. हबल दुर्बिणीतून कन्या समूहातील एम-१०० या दीर्घिकेतले सेफिड दिसले आणि १९९४ मध्ये वेंडी फ्रीडमन व सहकाऱ्यांनी ८० अधिक-उणे १७ हे मूल्य दिले. इथे गाड्यांच्या दृष्टांतात एक दुरुस्ती करावी लागते. गाड्या आधी जास्त वेगात होत्या आणि मग मंदावल्या असतील तर खरा काळ दीड तासापेक्षा कमी भरेल. विश्वातील द्रव्याचे गुरुत्वाकर्षण प्रसरणाला असाच ब्रेक लावते. त्या वेळी पुष्कळांना पसंत असलेल्या सरळ प्रतिमानात उत्तराचे दोनतृतीयांश करावे लागत. ८० घेतले तर वय सुमारे ८१५ कोटी वर्षे. आणि गोलाकार तारकागुच्छांतील सर्वांत जुन्या ताऱ्यांची वये निघत होती १४०० ते १६०० कोटी. पुन्हा लेक आईपेक्षा मोठी.

या टप्प्यावर मराठी वाचकाला जवळचे नाव येते ते डॉ. जयंत नारळीकरांचे. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले, केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी, पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक-संचालक. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये 'क्वासी स्टेडी स्टेट' विश्वरचना मांडली. या चित्रात विश्वाला आरंभ नाही. ते दीर्घकाळात प्रसरण पावतेच, पण त्यावर आकुंचन-प्रसरणाच्या लाटाही असतात. द्रव्य एकाच महास्फोटात नव्हे तर लहान लहान घटनांत निर्माण होते. सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग प्रारण हे महास्फोटाची धग नसून, लोहाच्या सूक्ष्म सुयांनी विखरून सौम्य केलेला ताऱ्यांचाच प्रकाश आहे.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर आम्ही जे मराठी लेख वाचले त्यांतील बऱ्याच लेखांत 'महास्फोटाला आव्हान देणारा शास्त्रज्ञ' असा गौरव होता, पण त्या आव्हानाचे पुढे काय झाले ते क्वचितच कुणी लिहिले. हा आदर दाखवण्याचा बरा मार्ग नव्हे. आमचे मत स्पष्ट सांगतो. वयाचा प्रश्न त्यांनी उचलून धरला तो रास्तच होता. त्या काळी प्रचलित सिद्धांत खरोखर अडचणीत होता आणि ती अडचण झाकून नेणारे लोकही होते. पण उत्तर दुसरीकडून आले. हिप्पार्कोस उपग्रहाच्या १९९७ च्या मोजमापांनंतर तारकागुच्छ समजले होते त्याहून दूर असल्याचे दिसले. दूर म्हणजे अंगचे अधिक तेजस्वी, म्हणजे इंधन भराभर जाळणारे, म्हणून वयाने लहान. वये १२०० कोटींच्या आसपास उतरली. आणि १९९८ मध्ये अधिनवताऱ्यांचे वेध घेणाऱ्या दोन गटांनी दाखवले की प्रसरण मंदावत नसून त्याचा वेग वाढतो आहे. या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाडी आधी हळू होती आणि आता वेग घेते आहे असे असेल तर दोनतृतीयांशाची कात्री लागत नाही. ७० च्या आसपासचे प्रमाण घेऊनही वय १३०० कोटींच्या पुढे जाते. अडचण मिटली.

नारळीकर व सहकाऱ्यांनी अधिनवताऱ्यांच्या मंदपणाचेही लोहाच्या सुयांनी स्पष्टीकरण दिले. पण सूक्ष्मतरंग प्रारणातील बारीक चढउतारांचा जो नमुना प्रचलित सिद्धांताने आधी वर्तवला आणि उपग्रहांनी मग पाहिला, तेवढ्या तपशिलाने तो त्यांच्या सिद्धांतातून निघाला नाही. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. तरीही तक्त्यातला मेळ आणि हा विरोध यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नारळीकरांनी समीकरणे मांडली, वर्तवता येतील असे निष्कर्ष काढले, आणि म्हणूनच ते तपासता आले, नाकारताही आले. ४३२ आणि ४५४ यांच्या 'जवळजवळ'ला नाकारण्याची सोयच नाही.

आज पुस्तकात असलेला १३.८ अब्ज, म्हणजे १३८० कोटींचा आकडा मुख्यतः या सूक्ष्मतरंग प्रारणातून येतो. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना ते पारदर्शक झाले आणि तेव्हा सुटलेला प्रकाश आज थंड होऊन आपल्यापर्यंत पोचतो आहे. त्या वेळच्या तप्त द्रव्यात ध्वनीसारख्या लाटा होत्या. तोवर एखादी लाट किती अंतर गेली असेल ते भौतिकशास्त्राने काढता येते. आकाशात त्या लाटांचे ठसे किती अंशांचे दिसतात ते मोजता येते. खरी लांबी आणि दिसणारा कोन मिळाले की मधला सगळा हिशेब मांडता येतो. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांनुसार वय १३८० कोटी वर्षे, अधिक-उणे सुमारे २ कोटी. प्रसरणाचे प्रमाण ६७.४ अधिक-उणे ०.५.

हा हिशेब फार सुंदर आहे, पण त्यात एक अट आहे. मधल्या काळात विश्व कसे पसरले याचे प्रतिमान बरोबर आहे असे गृहीत धरले आहे. प्रतिमान न धरता, जवळून पायरी पायरीने अंतरे मोजत गेले तर वेगळे उत्तर येते. जवळच्या सेफिडांची अंतरे पराशयाने, त्यांवरून दीर्घिकांतील सेफिड, त्यांवरून अधिनवतारे, अशी ही शिडी आहे. अॅडम रीस यांच्या गटाने २०२२ मध्ये तिच्यावरून ७३.०४ अधिक-उणे १.०४ हे मूल्य दिले. ६७.४ आणि ७३ यांतला फरक त्रुटींच्या मानाने योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. वेब दुर्बिणीने सेफिडांची अंतरे पुन्हा तपासली तेव्हा ती मोठी चूक नसल्याचेच दिसले. फ्रीडमन यांच्या गटाला मात्र दुसऱ्या प्रकारचे तारेही वापरून ७० च्या आसपासचे मूल्य मिळते आणि त्यांना भांडण तितके तीव्र वाटत नाही. शिडीत कुठे चूक आहे की प्रतिमानात काही उणे आहे, हे ठरलेले नाही. प्रतिमान तेच ठेवून फक्त ७३ घातले तर वय १३८० ऐवजी १३०० कोटींच्या जवळ येते. म्हणजे '१३.८' मधला '.८' आपण मुलांकडून घोकून घेतो तो अजून वादात आहे. '१३' च्या आसपासचा भाग मात्र भक्कम आहे, आणि भक्कम कशामुळे, तर तारे, अधिनवतारे आणि सूक्ष्मतरंग प्रारण या निरनिराळ्या वाटांनी त्याच परिसरात पोचता येते म्हणून.

याच कसोटीवर बातम्याही तपासाव्यात. २०२३ च्या जुलैमध्ये 'विश्वाचे वय दुप्पट' अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रे भरली होती. ओटावा विद्यापीठातील राजेंद्र गुप्ता यांनी एका शोधनिबंधात २६७० कोटी वर्षे हे वय सुचवले होते. वेब दुर्बिणीला फार लवकरच्या काळात अपेक्षेहून प्रौढ दीर्घिका दिसल्या, त्याचा उलगडा करण्यासाठी त्यांनी भौतिकातील स्थिरांक बदलते मानले आणि प्रकाश वाटेत 'थकतो' ही जुनी कल्पनाही मिसळली. वर्गात मुलांना एकच प्रश्न विचारावा : विश्व २६७० कोटी वर्षांचे असेल तर २००० कोटी वर्षांचा एखादा तारा का सापडत नाही? सूर्यापेक्षा हलके तारे त्याहून किती तरी अधिक काळ जळतात. ते असते तर आजही दिसले असते. सर्वांत जुन्या ताऱ्यांची वये १३०० कोटींच्या आसपास येऊन थांबतात.

'विश्वापेक्षा म्हातारा तारा' ही बातमीही अधूनमधून येते. एचडी १४०२८३ या ताऱ्याचे वय २०१३ मध्ये १४४६ कोटी वर्षे निघाले होते. बातमीत जे सुटले ते पुढचे शब्द होते : अधिक-उणे ८० कोटी. ते जोडले की विश्वाच्या वयाशी कसलाही झगडा उरत नाही. नंतरच्या अंदाजांत त्याचे वय आणखी खाली आले.

६७ आणि ७३ चे भांडण मिटवायला शिडी नको असलेली वाट हवी. ती १७ ऑगस्ट २०१७ रोजी प्रथम सापडली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्यांच्या गुरुत्वलहरी लायगो व व्हर्गो यंत्रांनी टिपल्या, आणि दुर्बिणींनी ती जागा एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत शोधून काढली. लहरीच्या आकारावरून तिचे अंतर थेट निघते, सेफिडांची गरज पडत नाही. एका घटनेवरून उत्तर आले ७०, अधिक १२, उणे ८. एवढ्या त्रुटीत ६७ ही मावतात आणि ७३ ही. त्रुटी कमी करायला अशा पुष्कळ घटना हव्यात आणि त्या आकाशात कुठे घडल्या हे नेमके सांगायला पृथ्वीवर दूर दूर बसवलेली आणखी यंत्रे हवीत. त्यांतले एक, लायगो-इंडिया, मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्र सरकारने त्याच्या उभारणीला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. आज नववीत असलेल्या मुलांपैकी कुणाला तिथे काम करायचे असेल, तर १३.८ पाठ असण्यापेक्षा '७०, अधिक १२, उणे ८' हे कसे वाचायचे ते त्याला यायला हवे.